वरची जागा कोरी ठेवा

कंदील उतरवून माळ्यावर टाकला की आमच्या भिवंडीत जराशी थंडी येते आणि मला राग येतो. दरवर्षी, न चुकता. डब्याच्या तळाशी चिवडा उरलेला असतो, पहिल्या लग्नपत्रिका यायला लागलेल्या असतात, सुताचा बाजार उघडलेला असतो आणि मागच्या गल्लीतले लूम सुट्टी संपवून पुन्हा खडखडायला लागतात. अशात एखाद्या संध्याकाळी रस्त्यावरून पेंढ्याने भरलेला टेम्पो जातो. त्याचा वास गॅलरीपर्यंत येतो आणि माझ्या हातातला चहा तसाच राहतो. वय वाढलं की राग निवतो म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना बहुधा कधी खरा राग आलेलाच नसतो.

पेंढ्याचा हा वास मला फार उशिरा कळला. मी शहरातल्या कारकून-मास्तरांच्या घरातली. आमच्याकडे भात कुकरात सुरू होतो आणि ताटात संपतो. शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, ‘खळे’ या शब्दाचा अर्थ फळ्यावर शेकडो वेळा लिहून दिला, आणि खळं डोळ्यांनी पाहिलं ते निवृत्त झाल्यावर. पूर्णा-दापोड्याची गोदामं मागे टाकून आत गेलं की एक गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण गोष्ट अजून मिटलेली नाही. गावाच्या वेशीपाशी, ओढ्याच्या काठाला, एक सपाट जागा होती. कोणा एकाची नाही, सगळ्या गावाची. भात कापून झालं की ज्याचे त्याचे भारे तिथे यायचे आणि पाळीपाळीने झोडणी व्हायची.

त्या खळ्यावर मी पहिल्यांदा गेले ती चपला घालून. समोर एक बाई ओणवी होऊन जमीन सारवत होती. आधी पाणी मारून, चोपणीने चोपून ती जागा तिने पाटासारखी करून घेतली होती आणि आता शेणाचा हात फिरवत मागे मागे सरकत होती. तिने मान वर केली नाही, फक्त माझे पाय पाहिले.

“बाई, चपला तिकरं काढा. लक्षुमी बसाची हाय अजून.”

ही कमळाबाय. गावातली अर्ध्याहून जास्त शेती गोदामांच्या पोटात गेली, हिची एक पट्टी राहिली. तीही कोणी विकत घेण्याजोग्या आकाराची नव्हती म्हणून. नवरा दापोड्याला एका गोदामात रात्रपाळीचा वॉचमन. शेत कमळाबायचं आणि वर्षभराचा तांदूळही तिच्याच हातचा. चपला काढून मी त्या ओल्या जमिनीवर पाय ठेवला. तो गारवा टाचेतून वर चढला तो अजून उतरलेला नाही. नंतर झोडणी पाहिली, भारे आपटल्याचा तो दबका आवाज ऐकला, तूस उडून मानेत गेलं आणि घरी येऊन दोनदा अंघोळ केली तरी खाज गेली नाही. दुपारी तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खायला घातली. निघताना माझ्या पर्समध्ये ओंजळभर भात ओतला. खळ्यावर आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. पुढे कितीतरी दिवस बँकेच्या रांगेत चष्मा काढायला गेले की बोटांना भाताचा दाणा लागायचा.

आता मी तिथे का गेले होते ते सांगते, आणि रागाची सुरुवात इथूनच आहे.

आम्ही तिघी निवृत्त शिक्षिका. घरी बसून मालिका बघण्यापेक्षा काहीतरी करू म्हणून एक संस्था काढली होती. एका परदेशी निधीकडून तळागाळातल्या संस्थांसाठी छोटी अनुदानं मिळतात असं कळलं. नागरी सहभाग वाढवायचा, म्हणजे लोकांनी, त्यातही बायकांनी, ग्रामसभेत जायचं, खुर्चीवर बसायचं, तोंड उघडायचं. कल्पना वाईट नव्हती, आजही मी ती वाईट म्हणणार नाही. आमच्या अर्जाला होकार आला तेव्हा आम्ही तिघींनी पेढे वाटले. अनुदान खरोखरच छोटं होतं. त्याच्यासोबत आलेले फॉर्म मात्र छोटे नव्हते.

आमची देखरेख करायला शलाका नावाची एक मुलगी होती, निधीची प्रोग्राम ऑफिसर. पुण्यात बसायची, फोनवर गोड बोलायची, मला मॅम म्हणायची. मुलगी मेहनती होती. तिचं तरी काय, तिच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं असणार. पण तिला सगळं मोजता यावं असं हवं असायचं. बायकांनी धीर केला, हे कसं मोजणार? ग्रामसभेत पहिल्यांदा एखादीचा आवाज फुटला, तो कुठल्या रकान्यात? मग तिनेच उपाय सुचवला. “मॅम, किती महिला आता अंगठ्याऐवजी सही करतात, ते इंडिकेटर घेऊ. क्लीअर असतं. फोटो पण छान येतो.”

मी हो म्हटलं. मी, मराठीची शिक्षिका, हो म्हटलं. बायकांना अक्षरओळख करून द्यायला दोन वर्षं लागली असती, अनुदान होतं एका वर्षाचं. सही दोन महिन्यांत येते. नावाचं चित्र गिरवायचं, बास. गावातल्या समाजमंदिरात दर गुरुवारी दुपारी आम्ही बसायचो. कमळाबाय सगळ्यांत पुढे. तिचा ‘क’ इतका जोर लावून यायचा की पेनाचं टोक कागदात रुतायचं. आठव्या की नवव्या गुरुवारी तिने पूर्ण सही केली, कागद हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाली, “ह्यां माजा नाव? मना वाटलां, मोठा आसंल.” सगळ्या हसल्या. तो फोटो निधीच्या वार्षिक अहवालावर छापून आला. सक्षमीकरण.

बायकांची मागणी एकच होती आणि ती कमळाबायने मांडली होती. खळ्याची जागा गावाची आहे असं सगळे म्हणतात, पण कागदावर कुठे आहे? ओढ्यापलीकडे नवीन गोदाम होणार होतं, आणि तिथे जाणाऱ्या रस्त्याला सगळ्यात जवळची वाट खळ्यावरूनच होती. तेव्हा खळं पंचायतीच्या दप्तरात गावाचं म्हणून लिहून घ्या, आणि तसा ठराव करा. “उद्या कोनी इचारला तं दाखवाला कागुद नको?” ती म्हणाली. आमच्या साऱ्या प्रशिक्षणाचं, तक्त्यांचं, फुगे फोडायच्या खेळांचं सार त्या एका वाक्यात होतं. ती ते आमच्याकडून शिकली नव्हती.

आता कागदाची गोष्ट. प्रत्येक बैठकीला हजेरीपत्रक लागायचं. त्यावर वर प्रकल्पाचं नाव, क्रमांक, बैठकीचा विषय लिहायची चौकट होती. पण निधीवाले प्रकल्पाचं नाव सारखं बदलायचे. कधी ‘सहभाग’, कधी ‘संवाद’, कधी त्याला नवीन इंग्रजी शेपूट. दोनदा आमची पत्रकं परत आली. शेवटी शलाका म्हणाली, “मॅम, तुम्ही वरची जागा कोरी ठेवा. सह्या घ्या आणि स्कॅन पाठवा. हेडिंग आम्ही इथे टाकून घेऊ.” सोपं झालं. ते वाक्य आम्हाला नियमासारखं पाठ झालं. वरची जागा कोरी ठेवा.

मूळ कागदांचं काय करायचं? तोही प्रश्न सुटला. गावाचे ग्रामसेवक, अत्यंत सभ्य माणूस, कधी आवाज चढवला नाही, मला म्हणाले, “बाई, समाजमंदिर आपण फुकट देतो, पण माझ्याही दप्तराला पुरावा लागतो. तुमचं काम स्कॅनने भागतं ना? मग ओरिजिनल इथेच राहू द्या.” मी दर गुरुवारी ते कागद त्यांच्या टेबलावर ठेवून यायचे. वर कोरे, खाली पानभर सह्या. आणि ते मला चहा द्यायचे. एकदा माझाच कप कलंडला आणि एका पत्रकाच्या कोपऱ्यावर तपकिरी चंद्रकोर उमटली. मी ओशाळले. ते म्हणाले, “असू द्या, चालतं.”

खरंच चाललं.

त्या वर्षी गांधीजयंतीच्या ग्रामसभेला गावात कोणी नव्हतं. लवकर पिकणारं हळवं भात कापणीला आलेलं, वर आभाळ फसवं, सगळे शेतात. मुख्य ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, तिची तर दवंडीही कोणी ऐकली नाही. आम्हीही गेलो नाही, कारण शलाकाने तिमाही अहवाल मागितला होता आणि आम्ही तिघी नागरी सहभागावरचा तो अहवाल लिहीत घरी बसलो होतो. हे वाक्य मी कितीदा लिहिलं तरी माझा मलाच संताप येतो.

दिवाळी झाली. कमळाबाय पाट्यात, म्हणजे टोपलीत, शेण घेऊन खळं सारवायला गेली तर तिथे जेसीबी उभा. जमिनीवर चुन्याच्या दोन रेघा मारलेल्या, ओढ्यापर्यंत. तिचा फोन आला तेव्हा मी रिक्षा करून निघाले, पण गावाच्या अलीकडे कंटेनर अडकला होता. “मॅडम, अंदर नहीं जाएगा, पैदल जाना पडेगा,” रिक्षावाला म्हणाला. भर उन्हात चालत पोचले. कमळाबाय रेघांच्या मध्ये उभी होती, शेणाचं पाटं अजून डोक्यावर. चपला तिने वेशीपाशी काढून ठेवल्या होत्या. तिच्यापासून चार पावलांवर जेसीबीची चाकं.

“बाई, ह्ये बोलतान आमी सहीच केलीय.”

आम्ही पंचायतीत गेलो. ग्रामसेवकांनी खुर्ची दिली, चहा सांगितला, फाइल काढली. गांधीजयंतीच्या त्या न झालेल्या महिलांच्या सभेचं इतिवृत्त. विषय, गोदामाकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी ओढ्याकाठची जागा देणे. महिलांची हरकत नाही, ठराव सर्वानुमते मंजूर. सोबत हजर महिलांच्या सह्या. पान उलटलं. वरची जागा, जी आम्ही कोरी ठेवली होती, तिथे सुबक अक्षरात मजकूर लिहिलेला. खाली पहिल्या ओळीत कागदात रुतलेला ‘क’. आणि कोपऱ्यात माझ्या चहाची चंद्रकोर.

मी काय काय बोलले ते आठवत नाही. जन्मात कोणाला ‘नालायक’ म्हटलं नव्हतं, तेव्हा म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, “बाई, सह्या खोट्या आहेत असं तुम्ही म्हणता का?” सह्या खऱ्या होत्या. प्रत्येक सही मी समोर बसून घेतली होती, हात धरून घेतली होती. त्या माणसाने एकही सही खोटी केली नाही. त्याला गरजच पडली नाही, इतकं चोख काम आम्ही केलं होतं.

शलाकाला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मॅम, मला खरंच वाईट वाटतंय. पण लोकल वादात फंडला पडता येत नाही, तशी अटच आहे. तुम्ही हे फायनल रिपोर्टमध्ये टाका ना, चॅलेंजेस अँड लर्निंग्जमध्ये. तीनशे शब्दांची जागा आहे तिथे.” तीनशे शब्द! पिढ्यान्‌पिढ्या चोपून चोपून दगडासारखी झालेली जमीन, तिला तीनशे शब्दांची जागा. मी फोन ठेवला. अहवालात त्या रकान्यात काही लिहिलं नाही. अहवाल तरीही मंजूर झाला. इंडिकेटर पूर्ण झालं होतं, बायका सही करत होत्या.

लोकांना राग येतो तो समोरच्याचा. माझा राग फिरून फिरून माझ्याच दारात येतो. ग्रामसेवकाने डाव साधला, निधीने हात झटकले, गोदामवाल्याने रस्ता केला. ते सगळे आपापल्या धंद्याला जागले. मी माझ्या धंद्याला जागले नाही. सही शिकवली आणि वाचणं शिकवलं नाही, हे मी कुठल्या तोंडाने मास्तरकी म्हणून सांगू? आणि हे मला कमळाबायने ऐकवलं तेही न रागावता. त्या वर्षी तिने भात घराच्या स्लॅबवर झोडलं. एकेक भारा डोक्यावर घेऊन जिना चढायचा, कठड्यापाशी झोडायचा, निम्मे दाणे खाली गटारात. मी वर जाऊन बसले होते.

“आंगठा व्हता ना बाई, तवा कोन बी कागुद आनला तं मी बोलायची, आदी वाचून दाखव. मंग आंगठा. सही आली नि इचाराची लाज वाटाया लागली. लोकां बोलतील, सही करतंय नि वाचता येत न्हाय?” तिने भारा आपटला. “आता पुढचा शिकवा.”

म्हणून गुरुवार पुन्हा सुरू झाले, अनुदान संपल्यावर. ना फोटो, ना हजेरीपत्रक. स्लॅबवर पाटी घेऊन आम्ही दोघी, कधी तिच्या दोन शेजारणी. बाराखडी, जोडाक्षरं, मग वर्तमानपत्राचे मथळे. पुस्तकाआधी तिने ठराव वाचायचा हट्ट धरला. त्या इतिवृत्ताची नक्कल मी आणली होती. ‘सर्वानुमते’ हा शब्द वाचायला तिला एक दुपार लागली. वाचून झाल्यावर तिने अर्थ विचारला, मी सांगितला. त्यानंतर ती बराच वेळ पाटी पुसत बसली.

तक्रार आम्ही वरच्या कार्यालयात केली आहे. तारखा पडतात. रस्ता मात्र पडत नाही, तो पक्का डांबरी झाला आहे. या दिवसांत तिथे गेलं की गरम डांबराचा, डिझेलचा वास येतो, आणि त्यात कुठून तरी पेंढ्याचा. रस्त्याच्या कडेला, जिथे पूर्वी भाताच्या भाऱ्यांची उडवी रचायचे, तिथे ट्रक ओळीने लागतात. मी अजून तिथे पाय ठेवताना अडखळते. चपला काढायला हात जातो.

यंदा दिवाळीत शलाकाचा मेल आला. नवीन फेरी, छोटी अनुदानं. सार्वजनिक जागांवर बायकांचा हक्क, असा विषय. तुमचा खळ्याचा इशू यात अगदी फिट बसतो मॅम, असं तिने लिहिलं होतं. माझ्या दोन्ही मैत्रिणी नको म्हणाल्या. मीही नको म्हणणार होते. पण सुनावणीला तालुक्यापर्यंत बायकांना न्यायला जीप लागते, वकिलाला कागद लागतात, आणि आमच्या पेन्शनी आता आमच्या गुडघ्यांवर खर्च होतात. राग गिळला आणि हो कळवलं. अर्जासोबत सुरुवातीच्या बैठकीचं हजेरीपत्रक जोडायचं होतं.

बैठक कमळाबायच्या स्लॅबवरच झाली. झोडणी नुकतीच आटपलेली, एका बाजूला भाताची रास, तिच्यावर हळदकुंकू. दहाबारा बायका पेंढ्यावर बसल्या. काय करायचं आहे ते मी समजावलं, आणि पत्रक सवयीने पहिल्यांदा कमळाबायच्या हातात दिलं. तिने ते वरून खाली पाहिलं. मग पेन उघडलं आणि सहीच्या ओळीवर न जाता वरच्या चौकटीत लिहायला लागली.

शेजारीण म्हणाली, “आगो, तिथं न्हाय, खाली.”

“म्हाईत हाय,” कमळाबाय म्हणाली.

ती लिहीत राहिली. एकेक अक्षर आधी ओठांनी, मग हाताने. खाली कंटेनर मागे घेताना पीं पीं करत होता, कोणाचं पोर रडून गप्प झालं, राशीवरच्या दोन चिमण्या उडाल्या आणि परत आल्या. वेलांटी चुकली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तिने खोडून पुन्हा काढली. झाल्यावर कागद हातभर लांब धरला आणि मोठ्याने वाचला, अडखळत, पण पूर्ण: “खळा गावाचा आहे. रस्त्याला आम्ही दिला नाही. तो परत मिळावा एवढ्यासाठीच ही सही.” मग खाली सही केली. कागदात रुतणारा तोच ‘क’. त्यानंतर प्रत्येकीने सही करण्याआधी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. दहाबारा वेळा ती तेच वाचत होती, आणि शेवटी शेवटी तर कागदाकडे न पाहता.

मी तो कागद स्कॅन करून पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, नेहमीसारखं गोड. मॅम, वर हाताने मजकूर लिहिल्यामुळे पत्रक सिस्टीममध्ये अपलोड होत नाहीये. कृपया वरची जागा कोरी ठेवून सह्या पुन्हा घेऊन पाठवाल का?

मूळ कागद माझ्या पर्समध्येच होता. तो काढताना बोटाला भाताचा दाणा लागला. या वेळीही तिने ओंजळ ओतलीच होती. कागद मी पुन्हा एकदा वाचला. खोडलेली वेलांटी, तिरकी झालेली ओळ. मग उत्तर टाइप केलं.

‘शलाका, कोरा कागद आमच्या गावात आता मिळत नाही.’